डावऱ्या हाताची गाठ

गणू कोळ्याइतका संशयी माणूस पनवेलात दुसरा नव्हता, आणि हे मी त्याचा मित्र म्हणून सांगतो. उरण नाक्याजवळ माझं सुतळी-दोराचं दुकान होतं. जाळ्याचं सूत घ्यायला कोळीवाड्यातली माणसं माझ्याकडेच यायची. बाकीचे सुताची गुंडी उचलायचे आणि चालू लागायचे. गणू गुंडी उलगडायचा, पार शेवटच्या टोकापर्यंत. मी मध्येच कुठे तुटलेलं सूत गाठ मारून खपवलंय का, हे तो बोटांनी चाचपत जायचा. मग ती उलगडलेली रास पुन्हा गुंडाळत बसायचं काम माझं. वीस वर्षांत त्याला एकदाही गाठ सापडली नाही. म्हणून त्याचा संशय फिटला असं समजू नका. त्याचं मत एवढंच झालं की हा काशिराम भलताच हुशार आहे.

एसटीत तो कधी बसला नाही. कंडक्टर पुरते पैसे घेतो आणि भोक पाडलेला कागद हातात देतो, त्या अर्थी यात काहीतरी काळंबेरं आहे, असं तो म्हणायचा. एक्कावन्न सालच्या खानेसुमारीला माणूस घरी आला आणि घरात माणसं किती म्हणून विचारू लागला. गणूने सांगितलं, एक. त्याची बायको हौसा समोर चुलीपाशी बसून भाकऱ्या थापत होती. पण सरकारला दुसऱ्याच्या बायकोची मोजदाद कशाला हवी, हे काही त्याला उमगेना. खानेसुमारीवाला गेल्यावर हौसा म्हणाली म्हणे, बरं झालं, आता मी मेले तरी सरकारात कळवायला नको. ती असं हसण्यावारी न्यायची. संशयी नवऱ्याबरोबर वीस-बावीस वर्षं काढायची तर दुसरा उपाय तरी काय होता?

हौसा उंच होती, चालायला झपाझप आणि डावरी. हे डावरेपण नीट ध्यानात ठेवा. जाळं विणताना सगळे उजव्या हाताने सुई फिरवतात, त्यामुळे सगळ्यांच्या गाठी एका अंगाला कलतात. हौसाच्या गाठी दुसऱ्या अंगाला. ज्याला सूत ठाऊक नाही त्याला दोन्ही सारख्याच दिसतील, पण कोळीवाड्यातलं पोरसुद्धा जाळ्यावरून हात फिरवून सांगायचं, हे हौसाने विणलेलं. गणूला तर माणसामाणसाची गाठ ओळखू यायची. दादूची सैल, काळूरामची करकचून ओढलेली. माणूस तोंडाने खोटं बोलतो, गाठ खोटं बोलत नाही, हे त्याचं आवडतं वाक्य. त्याचा जगात विश्वास असलाच तर एवढ्या एका गोष्टीवर होता.

बावन्न सालच्या दिवाळीनंतर घरात दोघंच उरली. एकुलती एक लेक मैना लग्न होऊन गेली. गणू पहाटे खाडीत जायचा. हौसा त्याने आणलेली मासळी पाटीत भरून गावात विकायला निघायची आणि ऊन चढायच्या आत परत यायची. हे वर्षानुवर्षं चाललेलं. त्या हिवाळ्यात ती पाव तास उशिरा येऊ लागली. पाव तासाने कुणाचं काय बिघडतं? पण गणूच्या मनात पाल चुकचुकली. त्याने तिला काही विचारलं नाही. विचारायची त्याची रीतच नव्हती. विचारलं की समोरचा सावध होतो, असं त्याचं म्हणणं.

मग साबणाचं झालं. एके दिवशी तिने जेवायला वाढलं आणि गणूला वास आला. कोळणीच्या हाताला मासळीचा वास यायचा, तो नव्हताच. वासाचा साबण होता, गुलाबी वडीचा. घरात तसला साबण कधी आलेला नव्हता. ही पाटी डोक्यावर घेऊन चार गल्ल्या हिंडून आलेली बाई, हिने हात वासाच्या साबणाने धुतले कुणाच्या मोरीवर? आणि कशासाठी? पुढे आठ दिवस गणू रोज भाकरी घेताना तिच्या हाताचा वास घ्यायचा. रोज साबण. फक्त रविवारी नाही.

आणि मग ती गाठ. एका दुपारी दोघं ओटीवर जाळं सांधत बसली होती. हौसाने सुई बाजूला ठेवली, जुन्या लुगड्याची लांब पट्टी घेतली आणि ओटीच्या खांबाला अडकवली. एक टोक लांब, एक आखूड. लांब टोक आखूड टोकावरून फिरवलं, मागून नेलं, पुन्हा पुढून फिरवलं, खालून वर काढून आत खोवलं आणि हळूच ओढून सारखं केलं. थोडी लांब उभी राहून बघितलं. मग आखूड टोक उपसून सगळं सोडलं आणि परत बांधलं. असं चार वेळा. गणूने आयुष्यात शेकडो गाठी बघितल्या होत्या, पण ही त्यातली नव्हती. त्याने सहज विचारल्यासारखं करून विचारलं, ही कसली? ती म्हणाली, काही नाही, असंच. आणि तिने पट्टी घडी करून ठेवून दिली.

दुसऱ्या दिवशी तो माझ्या दुकानी आला. सूत घ्यायचं नव्हतं. त्याने जाड सुतळीचा तुकडा मागितला, माझ्या तागडीच्या दांडीवर ती गाठ जशीच्या तशी बांधून दाखवली आणि म्हणाला, "शेठ, ही कसली गाठ? ओढली का सुटते. जी सोडायलाच बांधलेली हाय, ती चांगल्या कामाची नसनार."

आता माझा मोठा भाऊ मुंबईला एका कंपनीत होता. त्याच्या गळ्यात मी ती बघितली होती. मी हसून म्हणालो, अरे ही तर टायची गाठ, साहेब लोक गळ्यात बांधतात. तेवढ्यावर थांबायला हवं होतं. पण जीभ माझी, तिला कुठलं हाड. मी पुढे विचारलं की कोळीवाड्यात कुठला साहेब राहायला आला, आणि हे तुला शिकवलं कुणी. गणूचा चेहरा असा झाला की मला पटकन कळलं, हे त्याला कुणी शिकवलेलं नाही, त्याने हे कुणाच्या तरी हातात बघितलंय. त्याने सुतळी सोडली, खिशात घातली आणि तो गेला.

त्या काळी पनवेलात टाय बांधणारे किती? मोजून चार. एक डॉक्टर, एक विमा एजंट, बँकेतला एक अधिकारी आणि इंग्रजी शाळेत जूनपासून नवे आलेले चौलकर मास्तर. गणूने चार दिवस खाडीची भरती सोडून दिली आणि खांद्यावर पाग, म्हणजे फेकायचं जाळं, टाकून टपाल नाक्यावर उभा राहिला. येणाऱ्याजाणाऱ्याला वाटलं, हा गिऱ्हाईक शोधतोय. हा शोधत होता गळे. डॉक्टरची गाठ उजवीकडे कललेली. एजंटची उजवीकडे. बँकवाल्याची उजवीकडे. चौथ्या दिवशी सकाळी शाळेच्या वेळेला चौलकर मास्तर आले, तपकिरी कोट, निळा टाय, चाल ताठ. आणि त्या टायची गाठ डावीकडे.

त्याच दिवशी दुपारी तो माझ्याकडे आला. पाणी मागितलं, प्यायला नाही. म्हणाला, "माझ्या घरची गाठ मी दुसऱ्याच्या गल्यात बघितली, शेठ. एक हात खिशात घालून काय ऐटीत चालतो तो."

नाव त्याने सांगितलं नाही. पण मी ओळखलं. आणि हे आज लिहिताना मला लाज वाटते, त्याच क्षणी मला सगळंच कळलं. चौलकर मास्तर लढाईत होते, ब्रह्मदेशच्या आघाडीवर. तिथे त्यांचा डावा हात खांद्यापासून गेला होता. कोटाची रिकामी बाही ते खिशात खोवून ठेवत, म्हणून दुरून वाटे की माणूस हात खिशात घालून चाललाय. हे आम्हा बाजारातल्या सगळ्यांना ठाऊक होतं. गणू खाडीतला माणूस, त्याला ठाऊक नव्हतं. आणि आम्हा ठाऊक असणाऱ्यांपैकी एकालाही सहा महिन्यांत हा प्रश्न पडला नव्हता की एका हाताच्या माणसाचा टाय रोज बांधतं कोण.

एक वाक्य बोलायचं होतं. गणू, त्या माणसाला हातच नाही. एवढंच. पण नेमकं एक गिऱ्हाईक आलं, मी काथ्याचा दोर मापायला वळलो. खरं कारण ते नव्हे. खरं कारण असं की मला मजा येत होती. बाजारात बसून बसून माणसाला दुसऱ्याच्या घरातला धूर गोड लागायला लागतो. म्हटलं, बघू दोन दिवस काय होतंय, मग सांगू. मी मागे वळून बघितलं तेव्हा गणू गेलेला होता.

खरी हकिकत काय होती ती मला पुढे मास्तरांच्या आईकडून, कमळाबाईंकडून कळली. मायलेक लाइन आळीत दोन खोल्यांत राहायची. शाळेत पहिल्या दिवशी मास्तर साध्या कोटात गेले, तेव्हा पोरांच्या नजरा तासभर त्या बाहीवरून हलेनात. दुसऱ्या दिवसापासून ते पलटणीतला टाय लावून जाऊ लागले. नजर गळ्याशी थांबते, बाहीपर्यंत येत नाही, असा त्यांचा हिशेब. पण बांधायचा कसा? एक टोक दातात धरून ते रोज अर्धा अर्धा तास झगडायचे. गाठ तशीच ठेवून डोक्यातून काढघाल करता आली असती. मास्तर म्हणायचे, तो गळफास झाला. कमळाबाईंच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, त्यांना टोकंच दिसायची नाहीत.

हौसाची सकाळची भवानी, दिवसाची पहिली विक्री, त्यांच्याच दारी व्हायची. एके दिवशी तिने दारातून ही झोंबाझोंबी बघितली, पाटी खाली ठेवली आणि म्हणाली, द्या इकडं, मी गाठीवालीच हाय. मास्तरांनी खिडकीच्या गजावर एका हाताने कसंबसं दाखवलं. तिसऱ्या खेपेला तिला जमलं. संध्याकाळी टायला निवट्या मासळीचा वास येत होता. कमळाबाईंनी दुसऱ्या दिवशी मोरीवर साबणाची वडी ठेवली. मग रोजचंच झालं. हौसाने पाटी ठेवायची, हात धुवायचे, मास्तरांनी हनुवटी वर करून डोळे मिटून उभं राहायचं. परकी बाई इतकी जवळ येते म्हणून ते डोळे मिटत, आणि स्वतःची लाज वाटे म्हणूनही. गाठ झाली की ती पाटी उचलून चालू लागे. त्या दोघांनी एकमेकांचा चेहरा धड बघितला असेल की नाही, मला शंका आहे.

आणि कमळाबाईंनी तिच्याकडून शपथ घेतली होती. माझ्या पोराला दुसऱ्याच्या हाताने टाय बांधावा लागतो हे गावाला कळलं तर तो शाळा सोडील, कुणाला बोलू नको. हौसाने एकवीरा आईची शपथ घेतली. कोळ्याची बाई एकवीरेची शपथ घेते तेव्हा ती नवऱ्यालाही वगळत नाही.

आता गणूने काय केलं ते ऐका. माझ्या दुकानातून गेल्यावर दोन दिवसांनी, पहाटेच्या अंधारात तो खाडीवरून धावत घरी आला आणि हौसाला म्हणाला, करंजाची होडी आलीय, निरोप आहे, तुझ्या आईचं जास्त आहे, असशील तशी निघ. हौसाचं माहेर करंजा. चूल तशीच टाकून ती भरतीच्या होडीत बसली. मोरा बंदराला उतरून पुढे करंजापर्यंत पायी. होडीतल्या बायका सांगत होत्या, ती सगळ्या वाटेने हुंदके देत होती आणि आईला हाका मारत होती.

निरोप बिरोप काही नव्हता. म्हातारी ठणठणीत होती.

इकडे गणू हौसाच्या वेळेला लाइन आळीत पोचला. गेला कशाला, हे मी त्याला पुढे खोदून खोदून विचारलं. त्याने सांगितलं की ती आली नाही तर तो माणूस कसा कासावीस होतो ते मला बघायचं होतं. मग मी कमरेच्या सुरीचं विचारलं. तो म्हणाला, "सुरी रोजचीच हाय, जाल्याची. पन त्या दिवशी मी काय करनार व्हतो, मला ठाव नाय."

दाराशी पावलं वाजली, मासळीचा वास आला. कमळाबाईंनी आतूनच म्हटलं, आज उशीर झाला गं, चल हात धू. आणि तांब्या घेऊन चाचपडत मोरीपाशी आल्या. म्हातारी बाई पाणी घालायला उभी राहिली, म्हणून गणूने नकळत हात पुढे केले. मोरीच्या कठड्यावर गुलाबी साबणाची वडी होती. तिचा वास नाकात शिरला तसा तो थिजला. तोवर मास्तर बाहेर आले. अंगात नुसता सदरा, कोट अजून घातलेला नव्हता. डाव्या खांद्याशी सदऱ्याची बाही दुमडून पिनेने टाचलेली. टाय गळ्याभोवती नुसता लोंबत होता. ते येऊन गणूपासून हातभर अंतरावर उभे राहिले, त्यांनी डोळे मिटले आणि हनुवटी वर करून गळा पुढे केला.

गणू म्हणायचा, एवढा उघडा गळा मी कधी बघितला नाही. मेंढराला पण कळतं कुणापुढं मान वर करायची. आणि हा माणूस डोळे मिटून उभा. त्याची नजर गळ्यावरून टाचलेल्या बाहीवर गेली, तिथून साबणावर, तिथून मोतीबिंदूच्या डोळ्यांनी भलतीकडेच बघत हसणाऱ्या म्हातारीवर. सगळं जिथल्या तिथे बसलं. त्याने ओले हात धोतराला पुसले, टायची दोन टोकं धरली आणि ती गाठ बांधली. त्याला येतच होती. खांबावर बघून बघून पाठ झालेली. फक्त ती उजवीकडे पडली.

मास्तरांच्या हनुवटीला राठ बोटं लागली तसे त्यांनी डोळे उघडले. समोर दाढीचे खुंट वाढलेला काळाकभिन्न माणूस. मास्तरांचा चेहरा पांढरा पडला. गणू एवढंच म्हणाला की मी हौसाचा घरवाला, ती माहेरी गेलीय, म्हणून आलो. मास्तरांनी हळू आवाजात विचारलं, "म्हणजे तिने तुम्हाला सांगितलं?"

इथे खरं बोलायचं म्हणजे, मी तुमच्या गळ्यावर पाळत ठेवली होती, असं सांगावं लागलं असतं. गणू म्हणाला, "व्हय."

चौथ्या दिवशी हौसा परत आली. आई धडधाकट बघून आधी तिला आनंद झाला असेल, मग कोडं पडलं असेल. दुसऱ्या सकाळी ती पाटी घेऊन लाइन आळीत गेली, तेव्हा मोरीवर साबण नव्हता. कमळाबाई म्हणाल्या की यापुढे येत जाऊ नकोस. एकवीरेची शपथ घेतलीस आणि घरी जाऊन सांगितलंस. मास्तर आतल्या खोलीत होते, बाहेर आले नाहीत. हौसाने विचारलं, कुणी सांगितलं मी बोलले म्हणून? तिला सगळं कळायला दोन वाक्यं पुरली.

ती भांडली असती तर गणू वाचला असता. कोळणीच्या तोंडाचा मारा त्याने आयुष्यभर सोसला होता. पण ती शांतपणे येऊन ओटीवर बसली आणि म्हणाली, "तुमी विचारलं असतं तरी मी सांगितलं नसतं, शपथ व्हती. पन विचारायचं तरी व्हतंत. माजी जित्ती आय तुमी मला एक दिवस मारून दाखवलीत."

एवढंच. मग तिने जाळं ओढून घेतलं. हे सगळं गणूने मला सांगितलं, माझ्या दुकानाच्या फळीवर बसून, रडत. तेव्हाही मी त्याला सांगितलं नाही की हात नसल्याचं मला आधीपासून ठाऊक होतं. तो मात्र एवढा संशयी माणूस, मीच एकटा असा निघालो की माझ्यावर त्याला कधी संशय आला नाही. सुताच्या गुंडीवर घ्यायचा, माझ्यावर नाही.

मास्तर गळाबंद कोट घालून शाळेत जाऊ लागले. उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर ते पनवेलात परतलेच नाहीत. मायलेक कुठे गेली कळलं नाही. गणूने दोनदा त्यांच्या दारी जाऊन खरं सांगून टाकलं होतं, पाया पडला होता. कमळाबाईंनी ऐकून घेतलं. पण एकदा खोटं बोललेल्या माणसाने खरं सांगितलं तर ते बायकोला सोडवायला सांगतोय असंच वाटणार, आणि त्यांना तसंच वाटलं.

पुढच्या माघात खरंच करंजाची होडी आली. होडीवाला बुधाजी, माझ्याही ओळखीचा. त्याने खाडीवरच गणूला गाठून सांगितलं, सासूला ताप भरलाय, बोलणं बंद झालंय, हौसाला घेऊन चल. भरती लागलेली, होडी घटकाभरात सुटणार. गणू धावत घरी गेला. हौसा तांदूळ निवडत होती. त्याने सांगितलं. तिने वर बघितलं आणि विचारलं, "आता कोनाच्या घरी जायाचं हाय तुमाला?"

त्याने एकवीरेची शपथ घेतली. तिने सुपातले खडे वेचणं सोडलं नाही. तो तसाच धावत माझ्याकडे आला. म्हणाला, शेठ, तुमचं ऐकेल, तुमी चला. मी दुकान उघडं टाकून गेलो. धाप लागलेली होती, ओटीवर चढून मी तिला सांगितलं की गणू खोटं बोलत नाहीये, हा बघ मी सांगतोय. तिने आधी त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. तिचा आवाज चढला नाही.

"गाठीचं नाव तुमीच सांगितलं व्हतं ना शेठ," ती म्हणाली. "हात नाय ते नाय सांगितलं."

गणू माझ्याकडे बघतच राहिला. मला तोंड वर करता येईना. हे तिला कुठून कळलं, ते मला आजपर्यंत माहीत नाही. बाजारातल्या माणसांना काय ठाऊक असतं, हे मासळी विकणाऱ्या बाईला वेगळं सांगावं लागत नसेल. मी म्हणालो, माझं चुकलं, पण या वेळी जा. बुधाजीला बोलावून आणतो, त्याच्या तोंडून ऐक. मी खाडीवर पोचलो तेव्हा भरती गेली होती आणि बुधाजीची होडीही.

संध्याकाळच्या भरतीला हौसाचा भाऊच आला. त्याच्या डोक्याला पंचा गुंडाळलेला बघून ती दारातच खाली बसली. करंजाला पोचेपर्यंत म्हातारीला नेलं होतं. शेवटी शुद्धीवर आली तेव्हा ती विचारत होती म्हणे, हौसा निघाली का. भावाने हे सांगायला नको होतं, पण सांगितलं.

तेरावं उरकून ती परत आली. कोळीवाड्यात पैज लागली होती, येणार नाही म्हणून. ती आली, चूल पेटवली, दुसऱ्या दिवसापासून पाटी घेतली. गणू माझ्या दुकानी परत कधी आला नाही. सूत तो पेणहून आणवतो. माझी त्याच्याकडे तोंड घेऊन जायची हिंमत झाली नाही, आणि असती तरी काय सांगितलं असतं? चूक त्याची होती, माझी त्याहून मोठी होती, आणि भोगलं त्या बाईने.

या गोष्टीला आता दहा-बारा वर्षं झाली. परवा खाडीवर गेलो होतो, तेव्हा त्यांच्या ओटीसमोरून जाणं झालं. दोघं जाळं सांधत बसली होती. गणूने मान वर न करता म्हटलं की भरती लागली. हौसाने सुई खाली ठेवली, उठून दारापर्यंत गेली, खाडीकडे बघितलं आणि परत येऊन बसली. गणूने सुई थांबवली नाही. त्याला सवय झाली असावी.